मैदानावरची अडचण

आजचा विषय असा आहे, की त्याचं नाव घेताना आपली मराठी हळूच आडोशाला जाते. कुणी 'परसाकडे' जातं, कुणी नुसतं 'जाऊन येतो' म्हणतं, शाळेत एक किंवा दोन बोटं वर केली की भागतं. पण ऐन सामन्यात पोटाने दगा दिला, तर खेळाडू काय करतो?

१० मार्च २००३ रोजी जोहान्सबर्गला विश्वचषकात श्रीलंकेविरुद्ध सचिन तेंडुलकरने ९७ धावा केल्या. त्या दिवशी त्याचं पोट बिघडलेलं होतं. पाणी पिण्याच्या सुट्टीत ड्रेसिंग रूममध्ये जाऊन आतल्या कपड्यात टिश्यू पेपर ठेवून तो खेळला. हे त्याने स्वतःच पुढे आत्मचरित्रात सांगितलं. २००५ साली लंडन मॅरेथॉनमध्ये पॉला रॅडक्लिफ कॅमेऱ्यांसमोर रस्त्याच्या कडेला बसली, उठली आणि शर्यत जिंकली.

यात लाजण्यासारखं काही नाही. जोरात पळताना रक्त पायांच्या स्नायूंकडे धावतं, आतड्याला कमी मिळतं. वर हादरे आणि मनातली धाकधूक. म्हणून जाणते खेळाडू सामन्याआधी दोन-तीन तास हलकं खातात, तेलकट टाळतात, नवा पदार्थ त्या दिवशी तोंडात घालत नाहीत.

हे झालं पोटाचं. आमच्या धाराशिवच्या मुलींची अडचण मात्र निराळी आहे. आमचा जिल्हा खो-खोचा. सारिका काळे याच मातीतली. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक जिंकलं, २०२० चा अर्जुन पुरस्कारही तिला मिळाला. तिच्याकडे बघून किती पोरी बूट बांधायला लागल्या!

माझी भाचीही त्यातलीच. एका स्पर्धेत पळता पळता तिच्या पायात गोळा आला आणि ती बसलीच. मी विचारलं, "पाणी प्यायली होतीस का गं?" म्हणाली, "मामू, सामना असला की मी सकाळपासून पाणी पीतच नाही. जायचं कुठं?"

मैदानामागे स्वच्छतागृह होतं. त्याला कुलूप होतं. किल्ली शिपायाकडे आणि शिपाई रविवार म्हणून गावाला. मुलगे बाभळीमागे जाऊन आले. मुलींनी ओठ मिटले. मार्चच्या उन्हात, आमच्याकडच्या!

पाणी कमी पडलं की पाय जड होतात, चक्कर येते. लघवी दाबून ठेवायची सवय लागली की जळजळ, ताप मागे लागतो. खो-खोत तर सुटकाही नाही. तीन-तीन जणी आत जातात. पहिल्या तिघी कधी बाद होतील, सांगता येत नाही, आणि झाल्या की पुढच्या तिघींना लगेच आत जावं लागतं. नऊ मिनिटांच्या त्या डावाला आपण 'पाळी' म्हणतो. आणि दुसरी पाळी? तीही त्याच दिवशी आली, तर पोरीने कपडा बदलायचा कुठे? दोन्हींना एकच शब्द देणाऱ्या भाषेने कधीतरी ओळखायला हवं होतं, की दोन्ही एकाच मुलीच्या वाट्याला येतात. कवी आहे, म्हणून शब्दाशी अडलो. असो.

आयोजकांच्या यादीत चुना असतो, मांडव असतो, पाहुण्यांचे हार असतात. त्यात कडी लागणारं दार, बादलीभर पाणी आणि हजर माणसाकडे किल्ली, एवढं घातलं तर खर्च हारांपेक्षा फार नाही. गुरुजींनी मुलींना आल्याबरोबर ती जागा दाखवावी, म्हणजे त्यांना विचारावं लागणार नाही. सामन्याआधी खांब पक्का आहे ना, म्हणून हलवून बघतात. तेव्हाच कुणीतरी बाईंनी ती कडीही लावून बघावी.