दिवाळीनंतरचा शेतकरी



ठाण्यातल्या कोपरीत भरलेल्या या ग्रामीण साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत.  

अध्यक्षाने ग्रामीण साहित्याचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. कार्यक्रमपत्रिकेतही तसंच छापलं आहे. कादंबऱ्या आल्या, कथासंग्रह आले, त्यांतले काही फार चांगले आहेत. त्यांवर उद्याच्या परिसंवादात जाणकार बोलतील. मला एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे आणि ती बोलायला मी बरीच वर्षं थांबलो आहे.

आपल्या साहित्यातला शेतकरी बारा महिने गावात असतो. मी ज्यांच्या मुलांना शिकवलं ते शेतकरी दिवाळीनंतर गावात नसतात.

शहापूर-मुरबाडच्या वाड्यांवर जिल्हा परिषदेच्या शाळांत माझी नोकरी झाली. पट भरलेला असायचा तो दिवाळीपर्यंत. भात झोडून झालं की एखाद्या पहाटे वाडीत टेम्पो लागायचा. भांडी, गोधड्या, कोंबड्या, तान्ही मुलं त्यात चढायची आणि टेम्पो भिवंडी, पडघा, टिटवाळ्याकडच्या वीटभट्ट्यांवर जायचा. मागे उरायची ती म्हातारी माणसं. घरं पुन्हा उघडायची पावसाच्या तोंडावर. माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त दुष्काळ पडतो, माणसं वाडी सोडून जातात आणि कादंबरी संपते. आमच्या वाड्या दरवर्षी ओस पडतात, चांगला पाऊस झालेल्या वर्षीही. त्यावर कादंबरी कुठे आहे?

गेल्या संमेलनात एका मित्राने मला सुनावलं होतं की भट्टीवर गेलेला माणूस मजूर झाला, त्याची गोष्ट कामगार साहित्यात घाला. मी वाद घातला नाही. आज उत्तर देतो. शाळेतली मुलं कुठे गेली ते पाहायला मी पडघ्याजवळच्या एका भट्टीवर गेलो होतो. माझ्या एका विद्यार्थिनीची आई कोपरापर्यंत गाऱ्यात हात घालून बसली होती. मुलीच्या शाळेची चौकशी तिने नंतर केली. आधी विचारलं, “गुरुजी, म्हाताऱ्यानं राब भाजला का?”

इथल्या शहरी श्रोत्यांसाठी सांगतो. भाताचं रोप जिथे करायचं त्या जमिनीवर शेण, पालापाचोळा, झाडांची तोडलेली कवळं पसरतात, वर मातीचा पातळ थर देतात आणि उन्हाळ्यात ते भाजून काढतात. तण मरतं, राख मिळते, रोप जोमदार येतं. कवळ तोडणं, वाहून आणणं, रचणं हे तरण्या माणसांचं काम. ते नेमकं त्याच महिन्यांत येतं, जेव्हा तरणी माणसं भट्टीवर असतात. म्हातारा एकटा जमेल तेवढा राब करतो. राब कमी, म्हणून रोप अशक्त. रोप अशक्त, म्हणून भात कमी. भात कमी, म्हणून श्रावण-भाद्रपदात कणगी रिकामी. त्या रिकाम्या कणगीवर भट्टीवाल्याची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घरात येते. उचल फेडायला दिवाळीनंतर पुन्हा टेम्पो. भट्टीवर आठवड्याची खर्ची मिळते, तीही हिशेबात कापली जाते. हजार विटांचा दर ठरलेला, वही मालकाकडे. हंगाम संपताना अंगावर बाकी निघाली की ती पुढच्या वर्षावर. 1976 च्या कायद्याने वेठबिगारी गुन्हा ठरली, तेव्हा कायद्याच्या व्याख्येत अशी आगाऊ रकमेपोटी अडकलेली माणसंही होती.

त्या बाईला मजूर म्हणायचं असेल तर म्हणा. भट्टीवर बसून ती शेतीच करत होती, डोक्यात.

काही मित्र म्हणतात, शेतीची पद्धत बदला. कर्जतचं भात संशोधन केंद्र गादीवाफ्यावर रोपं करायला सांगतं. नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्रात चिखलणी आणि लावणीच काढून टाकली. ही कामं मोलाची आहेत, मी ती शेतांवर जाऊन पाहिली आहेत. पण शिकायला आणि करायला घरात माणूस लागतो. माणूस घरात राहील कसा, हा पहिला प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर पाण्यात आहे. विक्रमगडकडे मोगरा लावलेली कुटुंबं थांबली. मुरबाडमध्ये ज्यांना भेंडीपुरतं पाणी मिळालं, त्यांची मुलं माझ्या वर्गात होळीनंतरही बसलेली मी पाहिली. अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या शहापुरात तानसा आणि भातसा ही धरणं आहेत, मुंबईच्या पाण्याचा जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा, आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्याच्या पाड्यांवर टँकर जातो. मुंबईला पाणी देऊ नका, असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण धरणाच्या काठावरच्या माणसाला भाताचा हंगाम संपल्यावर एका पिकाचं पाणी मागायचा हक्क आहे, आणि ते मागताना त्याच्या बाजूने आपण लेखक कधी उभे राहिलो?

भट्टीला पर्याय म्हणून रोजगार हमीचं नाव घेतलं जातं. महाराष्ट्राने 1977 मध्ये असा कायदा केला, देशाने 2005 मध्ये. मजुरी पंधरा दिवसांत हातात पडावी, असं केंद्राच्या कायद्यात लिहिलं होतं. भट्टीवाला मात्र काम सुरू व्हायच्या आधी दोन महिने पैसे देतो. भुकेल्या घराने कुणाकडे जावं?

मला राग येतो तो आपल्याच विसराळूपणाचा. इथून लोकलने तासाभराच्या अंतरावर टिटवाळा आहे. 1945 च्या जानेवारीत तिथे किसान सभेचं अधिवेशन भरलं, त्यानंतर वारली आदिवासी वेठीविरुद्ध उभे राहिले. त्या लढ्यावर गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ लिहिलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी आयुष्यभर राबणाऱ्या लग्नगड्यांची हकिगत त्यात आहे. आपण ते पुस्तक इतिहास म्हणून वाचतो आणि टिटवाळ्याभोवतीच्या भट्ट्यांवरून गाडीने पुढे जातो. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसद या संस्थेने भट्टीवरच्या मुलांसाठी भोंगाशाळा काढल्या, तेव्हा आपल्यापैकी किती जण तिथे गेले? ठाणे, कल्याण, डोंबिवलीत उभ्या राहिलेल्या इमारतींच्या भिंतींत या कुटुंबांचे हंगाम गेले आहेत. त्या घरांत राहून आपण शेतकऱ्यावर लिहितो.

आता कामाचं. भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांच्या तोंडून त्यांचं वर्ष लिहून घ्यावं, असं माझ्या मनात आहे. श्रावणातली उचल, भट्टीवरचा हिशेब, मागे राहिलेला म्हातारा, राब, लावणी. भाषा त्यांचीच, ठाकरी, कातकरी, वारली, जशी असेल तशी. कोण लिहील, पुस्तक कोण काढेल, पैसे कुठून येतील, हे अजून ठरलेलं नाही. शाळांतले तरुण शिक्षक हात देतील असं वाटतं, काहींशी बोललोही आहे. वहीत नोंदवलेले दर आणि बाकी यांच्या नकला मिळाल्या तर वेठबिगारीच्या कायद्याखाली काही करता येईल का, हे एखाद्या वकील मित्राला विचारायचं आहे. टेम्पो दिवाळीनंतर लगेच लागतात, तेव्हा सुरुवात भाऊबीजेच्या आत व्हायला हवी. ज्यांना यायचं असेल त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला भेटावं, मी दाराशीच थांबतो.