तृतीयपंथीयांची भूमिका कोणी करावी?

(गुलमंडी येथील सभेत एका वकिलाने दिलेले व्याख्यान)



आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहींच्या मनात शंका येईल. ज्या घरांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली, ज्यांच्यापुढे मुलांचे शिक्षण, दाखले, राहते घर आणि रोजची भाकरी हे प्रश्न उभे आहेत, त्यांनी सिनेमात आणि दूरचित्रवाणीवर तृतीयपंथीयाची भूमिका कोणी करावी ह्या वादात का पडावे? माझे उत्तर असे, की हा वाद वरवर नटांचा दिसत असला तरी मुळात तो प्रतिनिधित्वाचा आहे. आणि आपल्या वतीने दुसऱ्याने बोलणे म्हणजे काय, हे आपल्याइतके ह्या देशात दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. 1991 च्या 'सडक' ह्या हिंदी चित्रपटात कुंटणखाना चालविणाऱ्या महाराणी नावाच्या तृतीयपंथी पात्राची भूमिका आपले मराठी नट सदाशिव अमरापूरकर यांनी केली, आणि खलभूमिकेचा फिल्मफेअर पुरस्कार त्यांना मिळाला. राजीव पाटील यांच्या 'जोगवा' (2009) ह्या मराठी चित्रपटात यल्लम्माला सोडलेल्या तायप्पा जोगत्याची भूमिका उपेंद्र लिमये यांनी केली, आणि त्यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभला. येथे एक भेद ध्यानात ठेवा. तायप्पा हा मनाने पुरुषच आहे. रूढीने त्याला बळेच लुगडे नेसविले आहे. तेव्हा त्या भूमिकेत पुरुष नट घेतला म्हणून दोष देता येणार नाही. परंतु 2023 साली रवी जाधव यांनी दिग्दर्शित केलेली 'ताली' ही मालिका आली. ती मुंबईत कार्य करणाऱ्या गौरी सावंत ह्या हयात असलेल्या तृतीयपंथी कार्यकर्तीच्या जीवनावर आधारलेली होती, आणि तिच्यात गौरी सावंत यांची मध्यवर्ती भूमिका सुश्मिता सेन यांनी केली. आता हेही लक्षात घ्या, की ह्याच गौरी सावंत 2017 साली व्हिक्सच्या जाहिरातपटात स्वतःच्याच भूमिकेत पडद्यावर आल्या होत्या आणि तो जाहिरातपट देशभर पाहिला गेला होता. म्हणजे चार मिनिटांच्या जाहिरातीत जी व्यक्ती प्रेक्षकांनी स्वीकारली, तिच्याच समाजातील एखादा चेहरा मोठ्या मालिकेच्या मध्यभागी ठेवण्याचे धाडस मात्र व्यवसायाला झाले नाही.

ह्या वादात दोन पक्ष आहेत आणि दोघांचेही म्हणणे न्यायाने ऐकले पाहिजे. पहिला पक्ष म्हणतो, अभिनय म्हणजेच दुसरा होणे. राजाची भूमिका करण्यास राजा असावे लागत नाही. हा पक्ष आपल्याला आपल्याच घरातील दाखला देईल. जब्बार पटेल यांच्या चित्रपटात परमपूज्य बाबासाहेबांची भूमिका केरळच्या मामुट्टी यांनी केली. ते ना आपल्या जातीत जन्मले, ना त्यांची मातृभाषा मराठी. तरीही आपण तो चित्रपट डोळ्यांत पाणी आणून पाहिला, आणि त्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा आनंद मानला. मग तृतीयपंथीयांनीच तक्रार का करावी?

दुसरा पक्ष म्हणतो, आमचे दुःख तुम्ही पडद्यावर विकता, परंतु त्या पडद्यामागच्या दारात आम्हाला उभे करीत नाही. आम्हाला ना तृतीयपंथीयाची भूमिका मिळते, ना आईची, ना शिक्षिकेची, ना न्यायाधीशाची.

वकिलाचे काम दोन्ही बाजूंचे कागद तपासण्याचे असते. तेव्हा थोडा जुना कागद काढून पाहू. 1871 साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तुमच्यापैकी जी कुटुंबे भटक्या-विमुक्त समाजातून धम्मात आली, त्यांच्या आज्या-पणज्यांना ह्याच कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरविले. परंतु त्या कायद्याला दुसरा भाग होता, आणि तो तृतीयपंथीयांविषयी होता, हे फारच थोड्यांना माहीत असते. त्यांची नावे नोंदवहीत घालावीत, आणि नोंद झालेली व्यक्ती स्त्रीवेषात सार्वजनिक ठिकाणी दिसली, नाचली, तिने वाद्य वाजविले किंवा लोकांपुढील खेळात भाग घेतला, तर तिला वॉरंटाशिवाय पकडावे आणि दोन वर्षांपर्यंत कैद द्यावी, असे त्यात लिहिले होते. आपले हे शहर तर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्या राज्यानेही 1329 फसलीत, म्हणजे 1919 च्या सुमारास, जवळजवळ ह्याच शब्दांत स्वतःचा कायदा केला. तो तेलंगणात पुस्तकात तसाच राहिला, आणि तेथील उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवून रद्द केला तो जुलै 2023 मध्ये!

आता ह्या कायद्याचा अर्थ नीट समजून घ्या. ह्या माणसांची कला अपुरी होती म्हणून ती रंगमंचावर आली नाहीत असे नव्हे. लोकांपुढे कला दाखविणे हाच त्यांचा गुन्हा ठरविला होता. जो वेष परिधान केला म्हणून त्यांना कैद होती, तोच वेष दुसऱ्याने चढविला तर त्याला टाळ्या आणि पारितोषिक! मामुट्टी यांचा दाखला येथे अपुरा पडतो. एका नटाने एक भूमिका केली हा प्रश्न नाही. ज्यांचे सोंग वारंवार काढले जाते, त्यांना स्वतः मात्र व्यासपीठावर चढता येत नाही, हा प्रश्न आहे.

असे पूर्वी कधी झाले होते काय? झाले होते, आणि आपल्याच मराठी मुलखात झाले होते. 1913 साली दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामतीची भूमिका करण्यास स्त्री मिळाली नाही. उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. मराठी रंगभूमीवर बालगंधर्वांनी स्त्रीभूमिका इतक्या अप्रतिम केल्या, की कुलीन स्त्रिया त्यांच्या नेसण्याचे अनुकरण करू लागल्या. त्या काळीही विद्वान मंडळी म्हणत, पुरुष इतके उत्तम करतात तर स्त्रियांची गरजच काय? परंतु त्याच 1913 साली फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर' मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमला पडद्यावर आल्या. बालगंधर्वांची थोरवी त्यामुळे तिळभर कमी झाली नाही. मात्र स्त्रीचे काम पुरुषानेच करावे हा नियम टिकला नाही, आणि आज तो आपल्याला विचित्र वाटतो. आपली नातवंडे 'ताली' पाहतील तेव्हा त्यांनाही असेच काही वाटेल, असा माझा तर्क आहे.

आता ह्या विषयाच्या गाभ्याकडे येतो. जानेवारी 1919 मध्ये साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली. त्यावेळी ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते आणि त्यांचे वय सत्तावीस वर्षांचे होते. अस्पृश्यांचे हित पाहणारे स्पृश्य सुधारक कायदेमंडळात आहेतच, मग अस्पृश्यांनी स्वतः तेथे जाण्याचे कारण काय, असा त्या काळचा सूर होता. बाबासाहेबांनी दाखवून दिले, की लोकांची मते मांडली जाणे एवढ्याने लोकसत्ता पुरी होत नाही; ती माणसे स्वतः तेथे असली पाहिजेत. दुसऱ्याने कळवळ्याने मांडलेली कैफियत खरी असू शकते, परंतु कैफियत मांडणारा उठून गेला की आपण होतो तेथेच राहतो. सभागृहात बसलेल्या माणसाची सवय सभागृहाला होते. त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते. पडद्याचेही तसेच आहे. सुश्मिता सेन यांचे काम चांगले असेल, प्रेक्षकांच्या मनात करुणाही उपजली असेल. परंतु खेळ संपल्यावर त्या आपल्या घरी जातात, आणि सिग्नलवर उभ्या असलेल्या व्यक्तीकडे पाहण्याची सवय आपल्याला लागलेली नसते.

मग तृतीयपंथीयाची भूमिका तृतीयपंथीयानेच करावी असा कायदा करावा काय? माझे स्पष्ट मत आहे, की नाही. आणि ह्या ठिकाणी आपण बौद्धांनी सर्वांत अधिक सावध असावे. अमुक जन्माच्या माणसाने अमुकच काम करावे, हा नियम कोणाचा आहे? तो चातुर्वर्ण्याचा आहे. कामाची वाटणी करता करता माणसांचीच वाटणी कशी झाली, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकविले. आज तृतीयपंथी कलावंताला तृतीयपंथीयाचीच भूमिका राखून ठेवली, तर उद्या निर्माता म्हणेल, तुझी ती एक भूमिका ह्या चित्रपटात नाही, तेव्हा तू घरी जा. ते राखीव स्थान म्हणजे गावकुसाबाहेरची वस्तीच होईल. मागणी करावयाची ती कुंपणाची नव्हे, दार उघडण्याची.

हे दार कायद्याने उघडता येते, याला आधार आहे. मुंबईच्या चित्रपटव्यवसायात रंगभूषाकारांच्या संघटनेचा नियम होता, की स्त्रियांनी केशरचना करावी, रंगभूषा मात्र पुरुषांनीच करावी. चारू खुराना ह्या रंगभूषाकार स्त्रीने त्याविरुद्ध दाद मागितली, आणि नोव्हेंबर 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम घटनेच्या विरुद्ध ठरविला. त्याच वर्षी 15 एप्रिलला न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती सिकरी यांनी तृतीयपंथीयांना समान नागरिकत्वाचे सर्व मूलभूत हक्क आहेत, आणि आपला लिंगभाव वेषातून व वागण्यातून प्रकट करणे हे अनुच्छेद 19 मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्यात येते, असा निर्णय दिला. 2019 च्या कायद्याने नोकरीत आणि व्यवसायात त्यांच्याविरुद्ध भेदभाव करण्यास मनाई केली. हे तीन कागद एकत्र ठेवले, म्हणजे चाचणीसाठी आलेल्या कलावंताला दारातूनच परत पाठविणे ही केवळ निर्मात्याची आवडनिवड राहत नाही, हे ध्यानात येईल. निवड गुणावर करा. परंतु चाचणी तरी घ्या!

दार उघडले तर कला खालावेल ही भीतीही निराधार आहे. नागराज मंजुळे यांनी 'फँड्री' साठी सोमनाथ अवघडे ह्या खेड्यातील मुलाला उभे केले, आणि बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. चिली देशात डानिएला वेगा ह्या पारलिंगी अभिनेत्रीने 2017 च्या एका चित्रपटात मध्यवर्ती भूमिका केली. त्या चित्रपटाला 2018 साली परभाषी चित्रपटाचे ऑस्कर मिळाले, आणि त्याच वर्षी तेथे लिंगओळखीचा कायदा झाला. ज्या मामुट्टींनी बाबासाहेबांची भूमिका केली, त्यांच्याच समवेत 'पेरन्बू' ह्या तमिळ चित्रपटात अंजली अमीर ह्या तृतीयपंथी अभिनेत्रीने काम केले. आपल्या मराठीतही 'कारभारी लयभारी' ह्या मालिकेत गंगा ह्या तृतीयपंथी कलावंताने घरोघरी रोज दर्शन दिले.

परंतु केवळ चेहरा पडद्यावर आला म्हणजे सर्व झाले असेही मानू नका. तमाशाच्या फडात नाचणारे पाय आणि ढोलकीवरचे हात बहुतांशी आपलेच होते. हसणे मात्र दुसऱ्याचे होते. 1930 च्या दशकात भीमराव कर्डक आणि इतरांच्या आंबेडकरी जलशांनी त्याच पायांनी, त्याच ढोलकीवर आपला प्रश्न मांडला. कलावंत तेच होते, परंतु शब्द आता त्यांचे स्वतःचे होते. तृतीयपंथीयांनाही लिहिण्याचा आणि दिग्दर्शनाचा असाच अधिकार मिळाला पाहिजे. नाहीतर त्यांना बोलावून त्यांच्याच तोंडून त्यांचीच टिंगल करविली जाईल, आणि त्याला प्रतिनिधित्व म्हटले जाईल.

शेवटी तुम्हांला, नवदीक्षित कुटुंबांना, माझे तीन गोष्टींसाठी विनविणे आहे.

पहिली गोष्ट अशी, की पडद्यावर पुरुष लुगडे नेसून टाळी वाजवतो आणि घरातील सगळे हसतात, तेव्हा तुम्ही हसू नका, आणि का हसत नाही हे मुलांना सांगा. आपल्या जातीचे नाव एके काळी शिवी म्हणून वापरले जात असे. दुसऱ्याचे नाव शिवी म्हणून आपल्या तोंडी येऊ देऊ नका.

दुसरी गोष्ट, चौदा एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनी तुमच्या विहारात नाटके आणि जलसे होतात. तेथे तुमच्या वस्तीतील तृतीयपंथी व्यक्तीला बोलवा. तिला रमाईची भूमिका द्या, निवेदन द्या, पेटी वाजविता येत असेल तर पेटी द्या. निर्मात्यांकडे जे मागावयाचे, ते आपल्या अंगणात आधी देऊन दाखवावे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. असे मूल परक्याच्याच घरी जन्मते असे समजू नका. यल्लम्माच्या नावाने मूल सोडण्याची रूढी आपण धम्म स्वीकारताना टाकली. पण रूढी टाकताना मूल टाकले तर आपण काय मिळविले? 2019 च्या कायद्याचे बारावे कलम सांगते, की केवळ तृतीयपंथी असल्याच्या कारणावरून कोणत्याही मुलाला आईबापांपासून, न्यायालयाच्या आदेशाशिवाय, वेगळे करता येत नाही. कायद्याने हे सांगावे लागले ही समाजाची लाज आहे. सर्व माणसे समान आहेत असे मानण्याची प्रतिज्ञा आपण घेतली, तेव्हा आपल्याला हे कलम वाचण्याची गरजच पडू नये. अशा मुलाला घरात ठेवा, शाळेत पाठवा, आणि त्याला गळा असेल, अभिनय असेल, तर पुढे ढकला. शाळेत वा कामावर त्याची अडवणूक झाली तर वकिलाकडे या. आमच्या विद्येचा उपयोग तेवढ्यासाठीच आहे.

जय भीम!