जाफन्याचे दोन दिवस

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



परगावी जाऊन आलेल्या सभासदाने चार शब्द सांगावेत, हा आपल्या मंडळाचा शिरस्ता आहे. काशी-रामेश्वराची वर्णने येथे पुष्कळ झाली. मी रामेश्वराच्याही पलीकडे, श्रीलंकेतल्या जाफन्यास जाऊन आले. जावई नोकरीनिमित्त कोलंबोस असतात; तेथून शनिवार-रविवार गाठून आम्ही निघालो.

फौजेत माणूस नाही असे गाव आपल्या जिल्ह्यात विरळाच. १९८७ च्या जुलैत भारत-श्रीलंका करार झाला आणि आपली शांतिसेना तिकडे गेली. ज्या तमिळ जनतेच्या रक्षणासाठी गेली, तिच्यातल्याच बंडखोरांशी ऑक्टोबरात लढाई जुंपली. १९९० च्या मार्चमध्ये फौज परतली, तोवर सुमारे बाराशे जवान कामी आले होते. माझे थोरले बंधू त्या फौजेत होते. दादा सुखरूप परतले, पण तिथल्या दिवसांविषयी मरेपर्यंत अवाक्षर बोलले नाहीत. तहान लागली की मात्र पोरांना म्हणत, "तण्णी आणा रे!" तण्णी म्हणजे पाणी. तेवढाच एक तमिळ शब्द त्यांनी घरी आणला होता.

युद्धात बंद पडलेला आगगाडीचा मार्ग भारताच्या साह्याने पुन्हा घातला गेला आणि २०१४ पासून गाडी जाफन्यापर्यंत जाऊ लागली. युद्ध २००९ साली संपले. आता बाजार गजबजलेला असतो, मुली सायकलींवरून शाळेत जातात. पण रंगवलेल्या घराशेजारीच एखादे बिनछपराचे घर दिसते, आणि आत झाड वाढलेले असते.

नल्लूरच्या मंदिरात तर मी उंबऱ्याशीच थबकले. देव कोण, तर कार्तिकस्वामी! आपल्याकडे बायकांनी त्याचे दर्शन कार्तिकी पौर्णिमेवाचून घ्यायचे नाही. तिथे बायकांचीच गर्दी. मीही हात जोडले.

तिथले वाचनालय १९८१ साली जाळले गेले. सुमारे सत्त्याण्णव हजार ग्रंथ आणि ताडपत्रावरच्या जुन्या पोथ्या एका रात्रीत गेल्या. आज ती पांढरीशुभ्र इमारत पुन्हा उभी आहे, समोर सरस्वतीची मूर्ती आहे. इमारत उभी राहते; जळालेल्या पोथ्या काही परत येत नाहीत.

आम्ही एका वृद्ध बाईंच्या घरी उतरलो होतो. त्यांना सगळे अम्मा म्हणत. त्यांची सून इंग्रजीतून दुभाषाचे काम करी. पहिल्याच दिवशी मी "तण्णी" म्हटले, तशा अम्मा हसल्या आणि स्वतः विहिरीचे पाणी घेऊन आल्या. त्या मुलखात बारमाही नदी नाही, सारी भिस्त विहिरींवर. दुष्काळी गावच्या मला ते वेगळे सांगावे लागले नाही. संध्याकाळी भिंतीवरच्या तसबिरीकडे माझे लक्ष गेले. सून म्हणाली, "सासरे. सत्त्याऐंशीच्या ऑक्टोबरात गेले." गोळी कोणाची, हे तिने सांगितले नाही, मीही विचारले नाही.

रात्रभर मला झोप लागली नाही. ज्यांचे पाणी प्यायले, त्यांच्यापासून हे लपवावे कसे? सकाळी निघण्यापूर्वी मी सांगून टाकले, "माझा भाऊ त्या वेळी इथे होता. आमच्या फौजेत."

सुनेने ते तमिळमध्ये सांगितले. अम्मा बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळीत बसल्या. मग त्यांनी एवढेच विचारले, "तो घरी परत आला ना?"

"आला."

"बरे झाले," त्या म्हणाल्या आणि वाटेसाठी ताडगुळाची पुडी माझ्या हाती दिली.

त्यांनी क्षमा केली असे मी म्हणणार नाही. तसे म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण बहिणीच्या जिवाला काय लागते, हे त्यांना कळले.

भगिनींनो, दादा बोलले नाहीत हे खरे. पण मीही त्यांना कधी विचारले नाही. पुरुषांच्या गोष्टी म्हणून चहा ठेवायला आत जात राहिले. आज विचारायला ते नाहीत. तुमच्या घरी, शेजारी, असा कोणी जुना फौजी ओट्यावर गप्प बसलेला असेल, तर त्याच्याजवळ जाऊन घटकाभर बसा. तो बोलेलच असे नाही. पण बसा.

ताडगूळ आणला आहे. जाताना एकेक खडा घेऊन जा.