राजाघाटाच्या पायऱ्या

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



आम्ही इतिहाससंशोधक नव्हे. केंद्र सरकारच्या चाकरीत उभा देश पालथा घालून निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेले एक साधे पदवीधर आहो. तेव्हा शोधनिबंधाची अपेक्षा न ठेवता एका सकाळची हकीकत तेवढी ऐकून घ्यावी.

येथे बदली होण्यापूर्वी तीन वर्षे आमचा मुक्काम वाराणसीस होता. पाहुण्यांना विश्वनाथ, दशाश्वमेध, मणिकर्णिका दाखविण्यात आम्ही अगदी तरबेज झालो होतो. एकदा आमच्या मातोश्री आल्या. दोन दिवस मुकाट्याने दर्शने घेतल्यावर त्यांनी विचारले, "अरे, ते अमृतराव पेशवे इकडेच येऊन राहिले ना? त्यांचा घाट कोणता?" आम्ही निरुत्तर झालो. कचेरीत चौकशी केली. तेथेही कोणास ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे केदारघाटाहून आम्ही सहकुटुंब नावेने निघालो. आमची कन्या बनारसी बोलीत नावाड्याशी गप्पा मारू लागली. तिच्या मराठीत शिरलेल्या हिंदीवरून आम्ही तिला सदैव बोलत असू. पण तिने विचारले आणि उत्तर मिळाले! नारदघाट मागे पडताच नावाड्याने वल्हे थांबवून एका उंच दगडी इमारतीकडे बोट दाखविले. "राजाघाट." राजा कोण? "दक्खिन के कोई राजा रहलन. बहुत लोगन के खियावत रहलन." नाव तो जाणत नव्हता. पूर्वी हाच घाट अमृतरावांच्या नावाने ओळखला जाई.

अमृतराव हे रघुनाथरावांचे दत्तकपुत्र, दुसऱ्या बाजीरावांचे वडीलबंधू. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा मोड केला. बाजीराव पळाले आणि पुण्याचा कारभार काही काळ अमृतरावांच्या हाती आला. पुढे वसईचा तह झाला आणि मे १८०३ मध्ये इंग्रजांच्या संगिनींच्या आधाराने बाजीराव परतले. त्याच वर्षी अमृतरावांनी इंग्रजांशी करार करून दरसाल सात लाख रुपयांची नेमणूक पतकरली. या गोष्टीचे समर्थन आम्ही करीत नाही आणि ती झाकूनही ठेवीत नाही. चित्रकूटाजवळील कर्वी आणि काशी येथे त्यांचे उर्वरित आयुष्य गेले. पुणे कायमचे सुटले.

परंतु नेमणुकीच्या पैशाचे त्यांनी काय केले? कलकत्त्याचे बिशप हेबर १८२४ साली काशीस आले होते. त्यांनी लिहून ठेवले आहे की, अमृतराव वर्षातून एके दिवशी येईल त्या ब्राह्मणास आणि आंधळ्यापांगळ्यास तांदूळ व एक रुपया देत. कोणी दोनदा येऊ नये म्हणून दान घेतलेल्यास दिवसभर बागेत बसवून ठेवीत. तेथे सावली असे, पाणी असे. त्याच वर्षी अमृतराव निवर्तले.

पुढे १८५७ च्या धामधुमीनंतर कर्वीच्या वाड्यातील खजिना इंग्रजांनी लुटून नेला. राज्य गेले, नेमणूक गेली, खजिना गेला. पायऱ्या तेवढ्या राहिल्या.

मातोश्री त्या पायऱ्यांवर बसल्या. शेजारी एक बंगाली वृद्धा जप करीत होती, कोणी दाक्षिणात्य यात्रेकरू स्नानास उतरत होते, पोरे पाण्यात उड्या घेत होती. आमच्यावाचून मराठी असे तेथे कोणी दिसले नाही. आम्ही हळहळून म्हणालो, "पाहा, नावसुद्धा उरले नाही!" मातोश्री म्हणाल्या, "घाट वापरात आहे ना? मग झालं."

काशीतच १८८३ साली जन्मलेले बाबूराव विष्णु पराडकर आम्हांस त्या क्षणी आठवले. घरची भाषा मराठी. परंतु 'आज' दैनिकाच्या संपादकपदावरून त्यांनी हिंदी वृत्तपत्रांची भाषा घडविली. त्यायोगे त्यांचे मराठीपण उणे झाले असे कोण म्हणेल?

आता अप्रिय, पण आवश्यक असे निवेदन. आपल्या वाचनालयाची खोली संध्याकाळी आसपासच्या सर्वच मुलांना अभ्यासासाठी उघडावी, असा ठराव गतवर्षी सभेपुढे आला होता. "वर्गणी आपली, मग खोली परक्यांना का?" असे म्हणून ज्यांनी विरोधात हात वर केले, त्यांत आमचाही हात होता. वाराणसीची ती सकाळ पाहून आलेल्या माणसाचा हात! आपले जपण्याच्या भरात आम्ही ती विसरलो होतो.

पन्नास वर्षे आपण येथे गणपती बसविला, नाटके केली, मुलांना मराठी शिकविले. हे सर्व अवश्य चालू राहावे. पण या गावाने आपल्याला पाणी दिले, भाकरी दिली. गावाला उतरता येईल अशी एक तरी पायरी आपण बांधली काय?

तोच ठराव पुढील सभेत आम्ही स्वतः मांडणार आहो. अनुमोदनाची विनंती करून आपली रजा घेतो.