आपला व्यापारी कुठे बसवायचा?

भोकरदनमधून बोलतोय. आज लढाई नाही, आज पैसा. ‘युरोपा युनिव्हर्सालिस 4’ मध्ये तिजोरी सारखी रिकामी का होते, हा तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा प्रश्न. माझंही तेच व्हायचं. 1444 ची बहमनी सल्तनत घेतली, एवढा मोठा मुलूख हाताशी, तरी कर्ज वाढत गेलं आणि शेवटी दिवाळं निघालं.

गेममधला व्यापार म्हणजे कालव्याचं पाणी समजा. एका केंद्रातून पुढच्या केंद्रात, बाण दाखवेल तिकडेच जाणार. उलटं फिरत नाही. माझ्या मामाचं शेत अंबड तालुक्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर, पार टेलला. पाणी त्याच्यापर्यंत येता येता संपतं. गेममध्ये मात्र टेलवालाच मालामाल! व्हेनिस, जिनोआ आणि इंग्लिश चॅनल ही शेवटची केंद्रं. तिथे आलेला पैसा पुढे जातच नाही.

मग दख्खनवाल्यानं काय करायचं? सुरुवातीला दोन व्यापारी मिळतात. मी एक घरी बसवला, दुसरा लांब वसुलीला पाठवला. दोन्ही चुकलं. घरच्या केंद्रात वसुली आपोआप होते. व्यापारी बसवला तर थोडी वाढते, एवढंच. आणि घराबाहेर वसुली केली की तिथली आपली व्यापारी ताकद निम्मी होते. त्यापेक्षा ज्या केंद्राचा माल आपल्याकडे वाहतो तिथे आपले प्रांत असतील, तर व्यापारी तिथे पाठवा आणि माल घराकडे वळवा. सोबत घरच्या केंद्रातले मोठ्या बाजारपेठांचे प्रांत ताब्यात घ्या.

आता आमच्या गावाकडे येतो. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत, त्यात भोगवर्धनची माणसं आहेत. इथल्या उत्खननात हस्तिदंती मूर्तीचा तुकडा सापडला. तशाच धाटणीची मूर्ती 1938 मध्ये इटलीत पॉम्पेईला मिळाली, आणि ते शहर इसवी सन 79 मध्येच राखेखाली गेलं होतं! ती मूर्ती आपल्याच भागात घडली असावी, असं काही अभ्यासकांनी मांडलंय. त्या काळी पैठणचा माल गाड्यांवरून भडोचला जायचा आणि तिथून जहाजानं पश्चिमेला. बाण तेव्हाही तिकडेच होता.

हे वडिलांना सांगत होतो. आमची मोसंबीची बाग ते दरवर्षी उक्ती देतात. म्हटलं, यंदा आपणच दिल्लीला माल नेऊ, टेलला बसू. ते म्हणाले, “तिथं आपलं कोण हाये? भाव पाडला तर माल वापस आणशील का?”

मी गप्पच झालो. घराबाहेर वसुली, ताकद निम्मी! गेममध्ये जे शिकलो तेच विसरलो होतो.

म्हणून यंदा दिल्ली नाही. उक्ती बागही नाही. माल तोडून, प्रतवारी करून, वजनावर जालन्याच्या मार्केटला. वडील “बघू” म्हणालेत. आमच्या घरात “बघू” म्हणजे अर्धा होकार.

तुमचा व्यापारी कुठे बसलाय, ते कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या भागात. राम राम!