माडाच्या पानात लपलेलं लाल डोळ्यांचं फुलपाखरू

भिवंडीच्या वळमधून बोलतोय. वळ म्हटलं की लोकांना गोडाऊनच आठवतात. पण गोडाऊनच्या मधल्या घरांपाशी अजून माड आहेत, केळी आहेत. आजचा विषय त्यांच्या पानांवर वाढणारं एक फुलपाखरू: जायंट रेडआय.

हे स्किपर कुळातलं. स्किपर म्हणजे जाड अंगाची, झटकन दिशा बदलत उडणारी फुलपाखरं. जगात त्यांच्या सुमारे ३,५०० जाती आहेत. जायंट रेडआय त्यातलं मोठं, पंख पसरले की जवळपास ७ सेंटीमीटर. रंग चॉकलेटी, पुढच्या पंखांवर पिवळसर, काचेसारखे ठिपके आणि डोळे लालभडक. १७७५ साली फॅब्रिशियसने त्याला शास्त्रीय नाव दिलं. तरी आपण ते बघत नाही, कारण दिवसभर ते सावलीत बसतं आणि तिन्हीसांजेला उडतं. आपण तेव्हा घरी परतत असतो, डोळे मोबाईलमध्ये.

खरा घोळ होतो अळीचा. ती पानाच्या कडा रेशमाने जोडून नळी करते आणि आत राहते. अंगभर पांढरे, मेणाचे लांब धागे. बघणाऱ्याला वाटतं बुरशी किंवा रोग, आणि लगेच फवारणी!

त्यात आता नारळावर चक्राकार पांढरी माशी आली आहे. भारतात ती २०१६ मध्ये पहिल्यांदा तमिळनाडूत सापडली, पुढे कोकणातही पोचली. तीही पानाखाली पांढरं मेण सोडते. म्हणून पांढरं दिसलं की दोन्ही एकच वाटतात.

फरक सोपा आहे. माशी असेल तर पानाखाली गोल गोल पांढऱ्या रेघा, बारीक माश्या, आणि खालच्या पानांवर चिकटपणा नि काळी बुरशी. रेडआय असेल तर गुंडाळलेली नळी आणि आत एकच केसाळ दिसणारी अळी. मोठ्या माडाचं चार-दोन अळ्यांनी काही बिघडत नाही. रोपावर असेल तर नळी हाताने काढून मोठ्या झाडावर ठेवा. आणि माशीवरही सरसकट विषारी फवारणी नको, कारण तिला आवरणारी एन्कार्सिया नावाची बारीक गांधीलमाशीच त्यात मरते.

फुलपाखरांसाठी आपण कुंडीत फुलझाडं लावतो, छान आहे. पण अळीला फूल चालत नाही, तिला पानच लागतं. अंगणातला माड तुटला, तर त्याच्यावरची पुढची पिढीही गेली.

तर यावेळी गावी किंवा घरामागे गेलात, की फवारणीचा पंप उचलण्याआधी मोबाईलचा टॉर्च लावून पानाच्या नळीत बघा. अळी दिसली तर फोटो आयनॅचरलिस्टवर टाका, आणि तिला राहू द्या.