जलाशयाचा ठाव : जुन्या नौकेवरील खोलीमापक यंत्र बदलतांना

यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाहीं; मुंबईचें बंदर तेथून शेंकडों मैल दूर. तेव्हां नौकेवर बसविलेल्या खोलीमापक यंत्राची चर्चा या जिल्ह्याच्या संदर्भांत कशासाठीं, असा प्रश्न कोणास पडल्यास नवल नाहीं. परंतु जिल्ह्याच्या नकाशाकडे क्षणभर पाहिलें, तर ही शंका फिटते. दक्षिणेस पैनगंगा व पूर्वेस वर्धा या नद्यांनीं जिल्ह्याची सीमा आंखली आहे. आंतल्या भागांत पूस, अरुणावती, बेंबळा या नद्या अडवून धरणें बांधलेलीं आहेत. आणि यवतमाळ व हिंगोली या जिल्ह्यांच्या सीमेवर पैनगंगेला अडवून इसापूरचा विस्तीर्ण जलाशय निर्माण झालेला आहे. त्याचा उपयुक्त साठा सुमारें ९६४ दशलक्ष घनमीटर धरलेला आहे.

‘धरलेला आहे’ हेच शब्द येथें योग्य. कारण जलाशयांतील पाणी तराजूंत घालून तोलतां येत नाहीं. पाण्याची पातळी भिंतीवरच्या मोजपट्टीवर दिसते. तळ मात्र कोणास दिसत नाहीं. आणि तळ कोठें आहे हेंच ठाऊक नसेल, तर केवळ पातळीवरून साठा सांगणें म्हणजे कणगींत हात न घालतां धान्याचा हिशेब करण्यासारखें होय.

हा तळ स्थिर राहत नाहीं, हीच खरी अडचण. वऱ्हाडांतील काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते, आणि पहिला जोरदार पाऊस पडला कीं उघड्या शेतांवरची भुसभुशीत माती ओढ्यांच्या वाटेनें नदीस मिळते. वाहतें पाणी जेथें संथ होतें, तेथें तें आपलें ओझें खालीं टाकतें. जाड वाळू जलाशयाच्या मुखाशींच बसते. बारीक चिखल पार भिंतीपर्यंत जाऊन पोहोंचतो. वरून पाहणाऱ्यास तलाव पूर्वींइतकाच भरलेला दिसतो, पण त्याच्या पोटांतली जागा वर्षानुवर्षें मातीनें व्यापलेली असते. २०१७ सालीं महाराष्ट्र शासनानें ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरूं केली, तिचें मर्म हेंच कीं, तलावास जड झालेला गाळ शेतास खत ठरतो. पण गाळ किती आणि कोठें सांचला आहे, हें खोली मोजल्याखेरीज कळत नाहीं.

खोली मोजण्याची मूळ रीत अगदीं साधी. दोरीच्या टोंकास शिशाचें वजन बांधावें, तें तळाशीं टेकेपर्यंत सोडावें, आणि किती दोरी गेली तें पाहावें. दोन्ही हात पसरले असतां होणारें अंतर म्हणजे एक वाव. दोरी ओढून घेतां घेतां हातांनींच माप होई. वजनाच्या बुडाशीं खळगा करून त्यांत चरबी भरीत, म्हणजे तळाची वाळू, शिंपले किंवा चिखल तिला चिकटून वर येई. अमेरिकेंतील मिसिसिपी नदीवर दोन वाव पाणी असल्याची जी आरोळी आगबोटींवर होत असे, तीवरूनच मार्क ट्वेन हें प्रसिद्ध टोपणनांव निघालें.

दोरीची जागा पुढें ध्वनीनें घेतली. १८२६ सालीं कोलाडों व स्टुर्म या दोघां संशोधकांनीं जिनीव्हाच्या सरोवरांत पाण्याखालीं घंटा वाजवून त्याच क्षणीं बंदुकीच्या दारूचा उजेड पाडण्याची योजना केली. सुमारें साडेतेरा किलोमीटरांवर दुसऱ्या नौकेंत बसून उजेड व आवाज यांमधील वेळ घड्याळावर मोजली, तेव्हां ध्वनि पाण्यांत सेकंदाला सुमारें १४३५ मीटर जातो, म्हणजे हवेंतल्यापेक्षां चौपटीहून अधिक वेगानें जातो, असें आढळलें. १९१२ सालीं ‘टायटॅनिक’ बुडाली. त्यानंतर हिमनगांचा सुगावा लावण्याच्या खटपटींत असलेल्या अलेक्झांडर बेम या जर्मन संशोधकानें १९१३ सालीं प्रतिध्वनीवरून खोली मोजण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें. १९२५ ते १९२७ या काळांत ‘मेटिऑर’ या जर्मन जहाजानें अटलांटिक महासागराचा ठाव याच पद्धतीनें ६७,००० हून अधिक ठिकाणीं घेतला.

नौकेच्या तळाशीं ट्रान्सड्यूसर नांवाचा जो भाग असतो, तो विजेच्या स्पंदनाचें ध्वनींत रूपांतर करतो व परत आलेल्या ध्वनीचें पुन्हां विजेंत. वीस मीटर खोल पाण्यांत हा ध्वनि जाऊन येण्यास सेकंदाचा सुमारें सदतिसावा हिस्सा लागतो. जुन्या यंत्रांत एक फिरती लेखणी विशिष्ट कागदावर प्रतिध्वनीची खूण उमटवीत असे. ही यंत्रें दणकट खरीं. परंतु लेखणी फिरविणारी मोटर मंदावली कीं खोली कमी दिसूं लागे. पुढें तसला कागद मिळेनासा झाला, वायरीच्या आवरणास चिरा पडल्या, आणि दुरुस्त करणारे कारागीरही दुर्मिळ झाले. अशा वेळीं यंत्र बदलणें प्राप्तच ठरतें.

येथें पहिला मोह होतो तो जुना ट्रान्सड्यूसर तसाच ठेवून केवळ वरची पेटी नवी आणण्याचा. पण दोहोंची कंपनसंख्या जुळली नाहीं, तर प्रतिध्वनि क्षीण येतो व तळ हरवतो. कंपनसंख्येची निवडही कामावर अवलंबून असते. सुमारें २०० किलोहर्ट्झचा ध्वनि मऊ गाळाच्या पृष्ठावरूनच परततो. त्याहून पुष्कळ खालच्या कंपनसंख्येचा ध्वनि तो मऊ थर भेदून खालच्या टणक जमिनीपर्यंत जातो. दोन्ही एकदम वापरल्यास त्यांतील फरकावरून मऊ थराच्या जाडीची कल्पना येते. केवळ उथळावर नौका अडकूं नये एवढाच हेतु असेल, तर एक पुरते. गाळ मोजावयाचा असेल, तर दोन्ही हव्यात.

ट्रान्सड्यूसर कोठें बसवावा, हा प्रश्नही क्षुल्लक नाहीं. पंख्याच्या फेसाळ पाण्यांत तो आला, कीं हवेचे बुडबुडे ध्वनीची वाट अडवितात. फायबरच्या भरीव तळांतून ध्वनि पार जाऊं शकतो. लांकडी किंवा लोखंडी तळाच्या जुन्या नौकेस मात्र तळांत भोंक पाडावें लागतें, अथवा बाजूस दांडा लावून ट्रान्सड्यूसर पाण्यांत सोडावा लागतो. तो पाण्याच्या पृष्ठाखालीं जितका असेल, तितकें अंतर मोजलेल्या खोलींत मिळवावें लागतें. नौकेंत माणसें वा इंधन वाढलें कीं हें अंतरही बदलतें.

मात्र सर्वांत मोठी चूक डोळ्यांस दिसत नाहीं. यंत्र वेळ मोजतें व तिला ध्वनीच्या वेगानें गुणून खोली सांगतें. २५ अंश सेल्सिअस उष्णतेच्या गोड्या पाण्यांत हा वेग सेकंदाला सुमारें १४९७ मीटर असतो. तितक्याच उष्ण समुद्राच्या पाण्यांत तो सुमारें १५३४ मीटर भरतो. किनाऱ्यावरच्या वापरासाठीं जुळविलेलें यंत्र तसेंच आणून धरणाच्या पाण्यांत चालविलें, तर वीस मीटर खोलीवर तें सुमारें अर्धा मीटर जास्त दाखवील. अर्धा मीटर म्हणजे किती? एक चौरस किलोमीटर क्षेत्रावर तें पांच लाख घनमीटर, म्हणजे पन्नास कोटी लिटर पाणी होतें. माणशीं दररोज १०० लिटर धरले, तर एक लाख वस्तीच्या गांवास पन्नास दिवस पुरेल इतकें. आणि हें पाणी केवळ कागदावर असतें. नळाला तें कधींच येत नाहीं.

यावर उपाय जुना व सोपा आहे. मोजलेल्या साखळीनें धातूची एक पट्टी ट्रान्सड्यूसरखालीं दोन, पांच, दहा मीटर अशी क्रमानें सोडावी आणि यंत्र तेवढेंच अंतर सांगतें कीं नाहीं तें पाहावें; फरक पडल्यास वेगाचा आंकडा बदलून घ्यावा. दुसरी दक्षता अशी कीं, जुनें यंत्र अगदींच बंद पडलें नसेल, तर तें काढून टाकण्यापूर्वीं दोन्ही यंत्रें एकाच दिवशीं, एकाच नौकेवर, तटावरील त्याच खुणांमधल्या रेषांवरून चालवावीं. गाळाचा हिशेब म्हणजे पूर्वींच्या व आतांच्या खोलींची वजाबाकी. यंत्रांतला फरक वेगळा काढला नाहीं, तर तोही गाळाच्या खात्यांत जमा होतो, आणि नसलेला गाळ दिसतो किंवा असलेला लपतो. नव्या यंत्रास उपग्रहांच्या साहाय्यानें नौकेचें स्थान अचूक कळतें, ही सोय मोठीच. परंतु जुन्या नोंदींशीं सांधा जुळवून देण्याचें काम माणसालाच करावें लागतें.

महाराष्ट्रांत जलाशयांतील गाळाच्या अभ्यासाची परंपरा आहे. १९५९ सालीं स्थापन झालेली नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था हें काम करीत आलेली आहे. मात्र संस्थेचा आंकडा शेवटीं नौकेवर उभ्या असलेल्या माणसाच्या सावधपणावरच उभा असतो.

२०१८ च्या उन्हाळ्यांत यवतमाळ शहरास पाणी पुरविणारे निळोणा व चापडोह हे जलाशय आटत आले, आणि भांडीं घेऊन टँकरची वाट पाहणाऱ्या घरांना पाण्याचा हिशेब म्हणजे काय, हें पुस्तकावांचून कळलें. पाऊस माणसाच्या हातीं नाहीं. सांठलेलें पाणी किती, हें खरें सांगणें मात्र त्याच्या हातीं आहे. म्हणून नवें यंत्र बसविल्यावरही शिशाचें वजन व दोरी नौकेंतून काढूं नये. विजेचें यंत्र कधीं बंद पडतें, कधीं फसतें. अशा वेळीं हातांत आलेली ओली दोरी व तिच्या टोंकाला चिकटलेला काळा चिखल, एवढीच साक्ष उरते.